एसरॅम सेलची लीकेज पॉवर कशी कमी करावी: मोजणीपासून स्लीप ट्रान्झिस्टरपर्यंत

चिपवरच्या मेमरीचा, म्हणजे एसरॅमचा (स्टॅटिक रँडम अ‍ॅक्सेस मेमरीचा), स्वभाव बाकीच्या लॉजिकपेक्षा वेगळा असतो. एका वेळी एखादी ओळ वाचली किंवा लिहिली जाते आणि उरलेल्या शेकडो ओळी आपापला बिट धरून नुसत्या बसलेल्या असतात. काम नसलं तरी पुरवठा चालू ठेवावाच लागतो, कारण तो काढला की डेटा गेला. म्हणून मोठ्या एसरॅममध्ये स्विचिंगच्या विजेपेक्षा बंद ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा प्रवाह, म्हणजे लीकेजच, बॅटरीला जास्त पडतो.

या विषयावर वाचायला बसलं की तंत्रांची नावं धडाधड समोर येतात: ड्युअल थ्रेशोल्ड, ड्राउझी, गेटेड पुरवठा, बॉडी बायस, ८टी, १०टी. मग त्यातलं एखादं उचलून सेलला चिकटवायचं आणि किती टक्के बचत झाली ते बघायचं, अशी रीत पडली आहे. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. कोणता ट्रान्झिस्टर कोणत्या स्थितीत किती गळतो हे आधी कळलं, की उपाय जवळजवळ आपोआप ठरतो. शिवाय प्रत्येक उपायाची किंमत सेलच्या स्थैर्यातून किंवा वेगातून वसूल होते. ती कुठून वसूल होणार, तेही त्याच नकाशावर दिसतं.

खाली सगळीकडे नेहमीचा सहा ट्रान्झिस्टरांचा, म्हणजे ६टी सेल आणि १.० व्होल्ट पुरवठा धरला आहे. उदाहरणातले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या प्रोसेसचे आकडे तुमच्या मॉडेल फाइलमधूनच घ्या.

पहिली पायरी: लक्ष्य तापमानासकट लिहा

‘सेलचं लीकेज अमुक पिकोअँपिअरच्या आत हवं’ हे वाक्य तापमान, व्होल्टेज आणि कॉर्नर (उत्पादनातल्या फरकामुळे ट्रान्झिस्टर वेगवान निघाले की मंद) सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. सबथ्रेशोल्ड प्रवाह, म्हणजे गेट थ्रेशोल्डच्या (ट्रान्झिस्टर चालू होण्याच्या व्होल्टेजच्या) खाली असतानाही वाहणारा प्रवाह, दहापट कमी व्हायला गेट व्होल्टेज किती खाली यावं लागतं, त्याला सबथ्रेशोल्ड स्विंग म्हणतात. खोलीच्या तापमानाला आदर्श आकडा ६० मिलिव्होल्ट आहे. प्रत्यक्षात तो साधारण ७० ते १०० मिलिव्होल्टच्या दरम्यान असतो. तापमान वाढलं की हा स्विंग वाढतो आणि वर थ्रेशोल्ड व्होल्टेजही अंशामागे मिलिव्होल्टभर घसरतं. दोन्ही परिणाम एकाच दिशेने जातात, त्यामुळे २५ अंशांवरून १२५ अंशांवर जाताना सबथ्रेशोल्ड गळती सहज कित्येक दहापटींनी वाढते.

गेटच्या पातळ इन्सुलेटरमधून टनेलिंगने होणारी गळती आणि गेटच्या प्रभावाने ड्रेनच्या कडेला होणारी जीआयडीएल गळती मात्र तापमानाने फारशा हलत नाहीत. म्हणजे गरम चिपवर ज्यांचा वाटा नगण्य, तेच घटक थंड स्टँडबायमध्ये वरचढ ठरू शकतात. म्हणून लक्ष्य एक नको, दोन हवीत: बॅटरीसाठी स्टँडबायच्या तापमानाचं एक आणि चालू चिपच्या उष्णतेसाठी १०५ किंवा १२५ अंशांचं दुसरं. एकासाठी निवडलेला उपाय दुसऱ्यासाठी बऱ्याचदा चालत नाही.

दुसरी पायरी: सेलच्या गळतीचा नकाशा काढा

कागदावर ६टी सेल काढा. त्यात एकमेकांना उलटे जोडलेले दोन इन्व्हर्टर असतात; प्रत्येकात नोड वर ओढणारा पीमॉस (पुल-अप) आणि खाली ओढणारा एनमॉस (पुल-डाउन). दोन अ‍ॅक्सेस एनमॉस या नोडांना दोन बिटलाइनशी जोडतात आणि वर्डलाइन त्यांची गेटं चालवते. डाव्या नोडवर ० आणि उजव्या नोडवर १ आहे, वर्डलाइन ० वर आहे आणि दोन्ही बिटलाइन प्रीचार्ज होऊन (वाचनाआधी भरून) १.० व्होल्टवर आहेत, असं समजा. आता बंद असलेले ट्रान्झिस्टर शोधा.

डाव्या इन्व्हर्टरचा पुल-अप बंद आहे आणि त्याच्या दोन टोकांत पूर्ण १ व्होल्ट आहे. उजव्या इन्व्हर्टरचा पुल-डाउनही तसाच. तिसरा आहे डावा अ‍ॅक्सेस ट्रान्झिस्टर: एका बाजूला बिटलाइनचा १ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ०. उजवा अ‍ॅक्सेसही बंदच आहे, पण त्याच्या दोन्ही टोकांना १ व्होल्ट असल्यामुळे सबथ्रेशोल्ड प्रवाह वाहायला कारणच नाही. थोडक्यात, चार बंद ट्रान्झिस्टरांपैकी तीन गळतात.

यात एक गोष्ट नीट पाहून ठेवा. पहिल्या दोन वाटांचा प्रवाह सेलच्या पुरवठ्यातून येतो, पण तिसऱ्या वाटेचा प्रवाह बिटलाइनकडून, म्हणजे प्रीचार्ज सर्किटच्या पुरवठ्यातून येतो. सेलच्या पुरवठ्याचा प्रवाह तेवढा मोजून ‘झालं लीकेज’ म्हणणाऱ्याच्या हिशोबातून ही वाट पूर्ण निसटते.

गेट टनेलिंगमध्ये चालू असलेला डावा पुल-डाउन सर्वात जास्त गळतो, कारण त्याच्या गेटवर १ आणि चॅनेलवर ० असतो. सिलिकॉन डायॉक्साइडमधून इलेक्ट्रॉन होलपेक्षा सहज पार जातात, म्हणून पीमॉसचा वाटा कमी राहतो. ९० आणि ६५ नॅनोमीटरच्या काळात ऑक्साइड १.२ नॅनोमीटरपर्यंत पातळ झाल्यावर हा घटक डोकेदुखी झाला होता. इंटेलने २००७ मध्ये ४५ नॅनोमीटरवर हाय-के डायइलेक्ट्रिक आणि मेटल गेट आणल्यावर तो बराच आटोक्यात आला. तुम्ही जुन्या नोडच्या मॉडेलवर काम करत असाल, तर तो सोडून देऊ नका.

तिसरी पायरी: सिम्युलेटरला खरं बोलायला लावा

पिकोअँपिअर मोजताना स्पाइस या सर्किट सिम्युलेटरच्या डिफॉल्ट सेटिंग्ज सरळसरळ दिशाभूल करतात. उत्तर जुळावं म्हणून सिम्युलेटर प्रत्येक जंक्शनला समांतर एक बारीक कंडक्टन्स जोडतो. त्याला जीमिन म्हणतात आणि तो सहसा १० चा उणे १२ वा घात सीमेन्स असतो. म्हणजे १ व्होल्टला १ पिकोअँपिअर. सेलची गळती दहा-वीस पिकोअँपिअरची असेल आणि सेलमध्ये अशी अर्धा डझन जंक्शनं असतील, तर निकालातला बराच भाग सिलिकॉनचा नसून सिम्युलेटरचा असतो. जीमिन १० चा उणे १५ वा घात किंवा त्याहून खाली न्या. प्रवाहाची स्वीकार्य चूक ठरवणारा अ‍ॅबस्टॉल हा पर्यायही १ पिकोअँपिअरवर उभा असतो. तोही तितकाच खाली आणा. खातरजमा सोपी आहे: जीमिन आणखी दहापट कमी करून पुन्हा चालवा. उत्तर हललं नाही, तर ते खरं.

दुसरी गोष्ट मॉडेलची. बीएसआयएम४ या ट्रान्झिस्टर मॉडेलमध्ये गेट टनेलिंगचे आयजीसीमॉड आणि आयजीबीमॉड हे स्विच डिफॉल्टला ० असतात. मॉडेल कार्डात ते चालू नसतील, तर तुमच्या सेलची गेट गळती कागदोपत्री शून्य दिसेल. सरावासाठी प्रेडिक्टिव्ह टेक्नॉलॉजी मॉडेल वापरत असाल, तरी कार्ड उघडून ही नावं शोधा आणि लो-पॉवर व हाय-परफॉर्मन्स कार्डांची गल्लत करू नका.

तिसरी गोष्ट, सेलला दोन स्थिर स्थिती असतात. सुरुवातीची स्थिती सांगितली नाही, तर डीसी सॉल्व्हर दोन्ही नोड मधोमध ठेवून मोकळा होऊ शकतो. त्या बिंदूवर दोन्ही इन्व्हर्टर अर्धवट चालू असतात आणि प्रवाह भरमसाट दिसतो. नोडसेट, म्हणजे नोडांची सुरुवातीची अंदाजी व्होल्टेज, द्या आणि उत्तरात नोडची व्होल्टेज स्वतः वाचा.

मापनासाठी पुरवठा, ग्राउंड, दोन्ही बिटलाइन, वर्डलाइन आणि दोन्ही बॉडी या प्रत्येक तारेत शून्य व्होल्टचा स्रोत घाला. प्रत्येक टोकाचा प्रवाह वेगळा लिहा आणि सगळ्यांची बेरीज शून्य येते का ते बघा. पॉवर काढताना प्रत्येक स्रोताचं व्होल्टेज आणि प्रवाह यांचे गुणाकार करून मगच बेरीज करा.

चौथी पायरी: सेलच्या आत काय बदलता येतं

आधी एक कटू सत्य. फाउंड्रीचा (चिप बनवणाऱ्या कारखान्याचा) तयार बिटसेल वापरत असाल, तर सेलच्या आत तुम्हाला हात घालता येत नाही. तो खास शिथिल केलेल्या लेआउट नियमांवर बेतलेला असतो, त्यामुळे एक गेट किंचित लांबवलं तरी सगळं गणित बिघडतं. अशा वेळी ही पायरी सोडून पुढच्या पायरीवर जा. सेल स्वतः काढत असाल तर पुढचं वाचा.

थ्रेशोल्ड वाढवणं हे सर्वात जोरकस हत्यार. स्विंग ९० मिलिव्होल्ट असेल, तर थ्रेशोल्ड ९० मिलिव्होल्टने वाढवल्यावर त्या वाटेची गळती दहापट कमी होते. पण कोणाचा थ्रेशोल्ड वाढवायचा? पुल-अपचा वाढवला तर वाचण्याच्या वेगाला धक्का लागत नाही आणि लिहिणं उलट सोपं होतं. पहिला बदल इथेच करावा. अ‍ॅक्सेसचा वाढवला तर वाचताना सेल डळमळण्याचा धोका कमी होतो, पण वाचन-प्रवाह घटतो आणि लिहिणं जड जातं. एकट्या पुल-डाउनचा वाढवणं मात्र टाळा. वाचताना ० असलेला नोड खाली दाबून ठेवण्याचं काम त्याचंच असतं. अ‍ॅक्सेसच्या तुलनेत तो दुबळा झाला की रीड नॉइज मार्जिन (वाचताना बिट न उलटण्याची मोकळीक) लगेच घसरतं. वाढवायचाच असेल तर दोन्ही एनमॉसचा बरोबरीने वाढवा आणि गमावलेला वेग बिटलाइन आखूड करून भरून काढा.

गेटची लांबी दहा-पंधरा टक्के वाढवणं हा स्वस्त आणि दुर्लक्षित उपाय आहे. ड्रेनच्या व्होल्टेजमुळे थ्रेशोल्ड घसरण्याचा परिणाम, म्हणजे डीआयबीएल, त्याने कमी होतो. शिवाय पेलग्रोमच्या नियमानुसार थ्रेशोल्डचा विखुरलेपणा गेटच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून सेल-सेलमधला फरकही आटतो. फिनफेटमध्ये (उभ्या पात्यांसारखं चॅनेल असलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये) रुंदी पूर्ण फिनांतच, म्हणजे पूर्ण पात्यांतच, मिळते आणि लांबीचेही मोजकेच पर्याय असतात, त्यामुळे तिथे हे स्वातंत्र्य फारसं उरत नाही.

८टी सेलमध्ये वाचनाची वाट वेगळी असते, म्हणून मूळ सहा ट्रान्झिस्टर वाचनाची चिंता न करता जास्त थ्रेशोल्डचे ठेवता येतात आणि पुरवठा आणखी खाली नेता येतो. मात्र वाचन-पोर्टचे दोन ट्रान्झिस्टर स्वतःही गळतात. ‘८टी म्हणजे कमी लीकेज’ असं समीकरण कुठे वाचलंत, तर कोणत्या पुरवठ्यावर, हे आधी विचारा.

पाचवी पायरी: पुरवठा खाली की ग्राउंड वर?

सेल झोपलेला असताना त्याच्यावरचं व्होल्टेज कमी करणं ही ड्राउझी कॅशची कल्पना २००२ पासून रूढ आहे. हिशोब बघा. डीआयबीएल व्होल्टमागे १०० मिलिव्होल्ट आणि स्विंग ९० मिलिव्होल्ट धरू. पुरवठा १.० वरून ०.६ व्होल्टवर आणला, की परिणामी थ्रेशोल्ड ४० मिलिव्होल्टने वाढतो आणि प्रवाह सुमारे २.८ पट घटतो. व्होल्टेजही घटल्यामुळे पॉवर ४.६ पट घटते. पण ही दुसरी बचत ०.६ व्होल्ट कार्यक्षम स्विचिंग कन्व्हर्टरमधून आला तरच हाती लागते. लिनिअर रेग्युलेटरमधून घेतलात, तर उरलेले ०.४ व्होल्ट तिथे उष्णता होऊन जातात आणि बचत २.८ पटच राहते.

आता दुसऱ्या पायरीतला नकाशा पुन्हा समोर ठेवा. पुरवठा कमी केल्याने पुल-अप आणि पुल-डाउनच्या वाटा आटल्या. डाव्या अ‍ॅक्सेसचं काय? बिटलाइन अजून १.० व्होल्टवर आहे आणि डावा नोड ० वर. त्या वाटेला काहीच फरक पडलेला नाही! नुसत्या पुरवठ्याशी खेळून मिळणारी बचत अपेक्षेपेक्षा कमी का भरते, त्याचं उत्तर बहुतेकदा इथे सापडतं.

त्याऐवजी पुरवठा १.० वरच ठेवून सेलचं ग्राउंड ०.३ व्होल्टवर उचललं तर चित्र पालटतं. डावा नोड आता ०.३ वर आहे आणि वर्डलाइन ० वर, म्हणजे अ‍ॅक्सेस ट्रान्झिस्टरचं गेट त्याच्या सोर्सपेक्षा ०.३ व्होल्टने खाली गेलं. स्विंगच्या तिप्पट उणे बायस मिळाल्यावर त्याचा सबथ्रेशोल्ड प्रवाह जवळजवळ नाहीसा होतो. उरतं ते जीआयडीएल. उजव्या पुल-डाउनचं गेट आणि सोर्स दोन्ही ०.३ वर, पण बॉडी ० वर, म्हणून त्याला बॉडी इफेक्टचा (बॉडी सोर्सच्या खाली असल्याने थ्रेशोल्ड वाढण्याचा) फायदा फुकट मिळतो. पुल-अपला फक्त कमी व्होल्टेजचा लाभ होतो. एनमॉसची गळती जड असलेल्या सेलमध्ये म्हणूनच मी आधी ग्राउंड उचलून बघेन.

ग्राउंड उचलता येत नसेल, तर झोपेत बिटलाइनचा प्रीचार्ज तरी बंद करा. तरंगती बिटलाइन गळतीनेच खाली येते आणि कॉलममधल्या डेटानुसार कुठेतरी मध्ये स्थिरावते. ० जास्त असलेल्या बाजूला फायदा जास्त. खर्च एवढाच, की जागं करताना प्रीचार्जसाठी एखादं सायकल द्यावं लागतं.

वर्डलाइन उणे व्होल्टेजवर नेण्यानेही अ‍ॅक्सेसची वाट बंद होते, पण जीआयडीएल वाढतं आणि उणे पुरवठा तयार करायला चार्ज पंप लागतो. रिव्हर्स बॉडी बायस, म्हणजे थ्रेशोल्ड वाढेल असं बॉडीला दिलेलं व्होल्टेज, जुन्या बल्क प्रोसेसमध्ये (साध्या सिलिकॉन वेफरवर) आणि एफडीएसओआयमध्ये (ट्रान्झिस्टरखाली इन्सुलेटरचा थर असलेल्या प्रोसेसमध्ये) कामाचा आहे. बल्कमध्ये तो ताणला तर जंक्शनचं टनेलिंग वाढतं आणि एका मर्यादेनंतर एकूण गळती उलट चढू लागते. फिनफेटमध्ये बॉडीचा प्रभावच इतका क्षीण असतो, की त्या वाटेला जाऊ नये.

सहावी पायरी: स्लीप ट्रान्झिस्टर, क्लॅम्प आणि परतफेडीचा हिशोब

ग्राउंड उचलण्यासाठी सेलांच्या सामाईक ग्राउंडखाली एक मोठा एनमॉस घालतात. जागेपणी तो चालू असतो, झोपेत बंद. पण तो एकटा ठेवलात तर त्याच्या वरचं सामाईक ग्राउंड, म्हणजे आभासी ग्राउंड, वर वर सरकत जातं आणि डेटा पुसला जातो. म्हणून त्याला समांतर क्लॅम्प हवा: डायोडसारखा जोडलेला ट्रान्झिस्टर किंवा ठरावीक गेट बायस दिलेला छोटा ट्रान्झिस्टर. डायोड-क्लॅम्प साधा आहे, पण त्याचं व्होल्टेज कॉर्नर आणि तापमानाप्रमाणे हलतं. मार्जिन कमी असेल तर बायस ट्रिम करण्याची सोय ठेवा.

स्लीप ट्रान्झिस्टरची रुंदी गळतीवरून नाही, वाचनावरून ठरवा. एका ओळीतले सगळे सेल एकदम वाचताना प्रत्येकाचा वाचन-प्रवाह याच ट्रान्झिस्टरमधून जातो. १२८ सेल, प्रत्येकी २० मायक्रोअँपिअर, म्हणजे सुमारे २.५६ मिलिअँपिअर. आभासी ग्राउंड २० मिलिव्होल्टपेक्षा जास्त हलायला नको असेल, तर चालू रोध ८ ओहमच्या आत हवा.

आता परतफेड. २५६ ओळी आणि १२८ कॉलमांच्या ब्लॉकमध्ये ३२,७६८ सेल असतात. समजा गरम चिपवर त्याची गळती ५० मायक्रोवॅट आहे आणि झोपेत ती १५ वर येते. बचत ३५ मायक्रोवॅट. आभासी ग्राउंडची धारिता २० पिकोफॅरड असेल, तर ते ०.३ व्होल्ट वर जाऊन परत आल्याची ऊर्जा ६ पिकोज्यूल. स्लीप ट्रान्झिस्टरचं गेट ५ पिकोफॅरडचं, त्याची ५ पिकोज्यूल. एकूण ११. भागाकार केला की ०.३१ मायक्रोसेकंद येतात. त्यापेक्षा छोट्या झोपेत उलट तोटा.

हाच ब्लॉक थंड असताना समजा १ मायक्रोवॅट गळतो आणि बचत ०.७ मायक्रोवॅट. परतफेडीचा काळ झाला १६ मायक्रोसेकंद, म्हणजे पन्नासपट. सर्किट तेच, झोपवण्याचा नियम मात्र वेगळा हवा. त्यात आभासी ग्राउंड गळतीनेच वर चढतं: गरम असताना ५० मायक्रोअँपिअर प्रवाहाने ०.३ व्होल्ट गाठायला सुमारे १२० नॅनोसेकंद, थंड असताना १ मायक्रोअँपिअरने ६ मायक्रोसेकंद. तोवर पूर्ण बचत सुरूच होत नाही. कंट्रोलरमध्ये एकच ठरावीक काउंट टाकून देणाऱ्यांनी हे गणित जरूर करून बघावं.

सातवी पायरी: सर्वात दुबळा सेल शोधा

नॉमिनल सेल ०.७ व्होल्टवर काय, ०.३ वरही बिट धरून ठेवेल. प्रश्न हजारोंतल्या सर्वात बेमेल सेलचा आहे. डेटा टिकण्यासाठी लागणारं किमान व्होल्टेज, म्हणजे डीआरव्ही, मॉन्टे कार्लोने (ट्रान्झिस्टरांत यादृच्छिक फरक घालून पुन्हा पुन्हा सिम्युलेशन चालवून) काढा. प्रत्येक नमुन्यात होल्ड स्थितीचा बटरफ्लाय आलेख (दोन्ही इन्व्हर्टरांचे वक्र एकावर एक) काढा आणि लहान पाळीत बसणारा सर्वात मोठा चौरस मोजा. सीव्हिंक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही चालते. मेगाबिटच्या मेमरीला साधारण पाच सिग्मापर्यंत (प्रमाण विचलनाच्या पाचपटीपर्यंत) मार्जिन लागतं आणि साध्या मॉन्टे कार्लोच्या हजार नमुन्यांत तिथवर पोहोचता येत नाही. इम्पॉर्टन्स सॅम्पलिंग, म्हणजे दुर्मिळ बेमेल नमुने मुद्दाम जास्त घेणारी पद्धत, वापरा.

कॉर्नर निवडताना वेगवान एनमॉस, मंद पीमॉस आणि जास्त तापमान ही जोडी चुकवू नका. कमी व्होल्टेजला दुबळा पुल-अप १ धरायचा प्रयत्न करतो आणि गळका पुल-डाउन तोच खाली ओढतो. चौथ्या पायरीत पुल-अपचा थ्रेशोल्ड वाढवला असेल, तर त्याची किंमत इथे दिसते.

त्याच मॉन्टे कार्लोमधून गळतीची सरासरीही काढा. थ्रेशोल्ड सामान्य वितरणात विखुरतो, पण गळती त्याच्या घातांकात असते, म्हणून तिचं वितरण लॉगनॉर्मल होतं आणि सरासरी मध्यकाच्या वर जाते. थ्रेशोल्डचा सिग्मा ४० मिलिव्होल्ट आणि स्विंग ९० असेल, तर एका ट्रान्झिस्टरची सरासरी गळती नॉमिनलच्या सुमारे १.७ पट भरते. नॉमिनल सेलचा आकडा सेलांच्या संख्येने गुणून दिलेलं अनुमान म्हणूनच कमी पडतं.

आठवी पायरी: परिघ आणि जागं करण्याचा क्रम

सेल आवरले की वर्डलाइन ड्रायव्हर उघडे पडतात. ते रुंद असतात आणि प्रत्येक ओळीला एक. सोय अशी, की झोपेत सगळ्या वर्डलाइन ० वर असणार हे आधीच ठाऊक असतं. मग शेवटच्या इन्व्हर्टरचा पीमॉस बंद असणार, त्याच्यावर सामाईक हेडर (पुरवठ्याच्या बाजूचा स्विच) घाला. त्याआधीच्या टप्प्यात एनमॉस बंद, तिथे फूटर (ग्राउंडच्या बाजूचा स्विच). एका वेळी एकच वर्डलाइन चढते, त्यामुळे हेडर अनेक ओळींत वाटून घेता येतो आणि तो छोटाच पुरतो.

जागं करताना क्रम पाळा: आधी ग्राउंड पूर्ण खाली, मग बिटलाइन प्रीचार्ज, त्यानंतरच वर्डलाइन. ग्राउंड अर्धवट वर असताना वाचलं, तर मार्जिन गेलेल्या सेलवर वाचनाचा धक्का बसतो. स्लीप ट्रान्झिस्टरचे तुकडे करून आधी एक छोटा आणि मग बाकीचे चालू करा. सगळे एकदम उघडले तर खऱ्या ग्राउंडवर उसळी येते आणि शेजारचा जागा ब्लॉक त्यात सापडतो.

सिलिकॉन हातात आल्यावर रिटेन्शन टेस्ट अशी घ्या: सगळीकडे ० लिहा, झोपवा, थांबा, जागं करून वाचा, आणि मग तेच १ घेऊन करा. दोन्ही हवेत, कारण बेमेल सेलचा कल एकाच स्थितीकडे असतो आणि त्याच्या आवडीचा बिट लिहिलात तर तो हमखास पास होतो. मधला थांबा मायक्रोसेकंदांचा नको, निदान काही दहा मिलिसेकंदांचा ठेवा, कारण सीमारेषेवरचा सेल फार सावकाश कलंडतो. ही टेस्ट कमाल तापमानाला घ्या आणि किमान तापमानालाही.